वाऱ्यावरचं वाळवण

आज सकाळी मेथी निवडत होते, तर फोन थरथरला. वाऱ्याची सूचना होती. दुपारनंतर जोराचा वारा सुटेल, धुळीमुळे समोरचं दिसणार नाही, बाहेरच्या सुट्या वस्तू बांधून ठेवा. मी खिडकीबाहेर पाहिलं. इथे शुगर लँडमध्ये झाडाचं पान हलत नव्हतं. ह्यूस्टनच्या बाजूची हवा मार्चमध्येच अंगाला चिकटायला लागते आणि एकदा चिकटली की ऑक्टोबरपर्यंत सोडत नाही.

सूचना आमच्या गावची नव्हतीच. इथून दोन दिवस गाडी चालवल्यावर टेक्सस संपतं, न्यू मेक्सिको सुरू होतं, आणि सगळीकडे खुरटी झुडपं, खडी आणि आभाळ एवढंच उरतं. तिथल्या एका लहानशा गावाची ती सूचना. चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आम्ही तिथे सहा दिवस राहिलो होतो. तेव्हा फोनच्या हवामानात त्या गावाचं नाव घातलं, ते काढलंच नाही. शिरीष, माझा नवरा, दर वर्षी म्हणतो की डिलीट कर ना, उगाच वाजत राहतं. मी हो म्हणते आणि करत नाही. मग मार्च आला की तिथला वारा इथे माझ्या ओट्यावर वाजतो आणि त्या दिवसापुरतं माझं कशात लक्ष लागत नाही.

त्या वर्षी बाबा नागपूरहून आले होते. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. नोव्हेंबरात आले, एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट घेऊनच आले. ते तिकीट त्यांनी पासपोर्टात घडी घालून ठेवलं होतं, आणि ती घडी मला रोज दिसायची. बाबांनी आता इथेच राहावं असं मला वाटत होतं. नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्या माणसानं दोन पोळ्या लाटून खायच्या, हे मला सहन होत नव्हतं. शिरीष म्हणायचा, अगं, सरळ विचार ना त्यांना, हो म्हणाले तर ग्रीन कार्डचं फाइल करून टाकू.

सरळ विचार म्हणे. तो पुण्याचा, त्याच्या घरी सगळं सरळच असतं. आमच्या घरात सरळ विचारायची पद्धतच नाही. बाबांना चहा हवा असला की ते विचारतात, दूध आहे का गं घरात? आईला माहेरी जायचं असलं की ती म्हणायची, भावाच्या अंगणातल्या आंब्याला यंदा मोहर चांगला आला म्हणतात. यावरून समोरच्यानं ओळखायचं. ओळखलं नाही तर मागणाऱ्यानं गप्प बसायचं आणि तशी काही गरजच नव्हती असं दाखवायचं. या शाळेत मी लहानाची मोठी झाले. मी विचारलं आणि त्यांना मनात नसताना माझ्यासाठी हो म्हणावं लागलं तर? या भीतीनं मी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत नुसती संधी शोधत राहिले. ते मात्र रोज संध्याकाळी विचारायचे, आता नागपुरात किती वाजले? मला वाटायचं, जीव तिकडेच अडकलाय.

स्प्रिंग ब्रेकमध्ये, म्हणजे रेवाच्या शाळेच्या मार्चमधल्या सुट्टीत, आरव्ही भाड्यानं घेऊन वाळवंटात जायचं, ही कल्पना शिरीषची. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. गॅस, फ्रिज, संडास, चौघांची झोपायची सोय, आणि हे सगळं एवढ्याशा जागेत की एकानं कूस बदलायची तर बाकीच्यांना कळवावं लागतं. शिरीष तेलकंपनीत इंजिनिअर आहे, मोठमोठी यंत्रं हाताळतो, पण ते धूड चालवताना त्याच्या कपाळावर जो घाम होता तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी मनाशी ठरवलं होतं की तिकडे मोकळ्या हवेत बाबांना विचारायचं. घराच्या चार भिंतींत जे जमत नाही ते बाहेर जमेल असं आपल्याला उगाचच वाटतं.

कॅम्पग्राउंड तसं साधंच होतं. खडी पसरलेल्या तीसेक जागा, प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल जमिनीला साखळीनं बांधलेलं. मुलांसाठी झोपाळे, वाळू साठलेला पोहण्याचा तलाव, आणि सहा खड्ड्यांचा एक गोल्फ, ज्यात चेंडू खड्ड्यात जाण्याआधी वाऱ्यानं पुढच्या कुटुंबाकडे जायचा. शनिवारी सकाळी ऑफिसपुढे सगळ्यांना पॅनकेक. प्रत्येक जागेवर विजेचा एक खांब होता, गाडीची वायर त्यात लावायची. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी त्या खांबाला प्रदक्षिणा घातली, झाकण उघडून आत पाहिलं, आणि अर्थिंग व्यवस्थित आहे असं आम्हाला कळवलं. नंतर ते शेजारच्यांचाही खांब पाहून आले.

सकाळी तिथे अगदी शांत असायचं. अकराच्या सुमाराला वारा सुरू व्हायचा आणि सूर्य मावळेपर्यंत थांबायचा नाही. पोह्यांत वाळू, चहात वाळू, केसांत आणि उशीत वाळू. तो वारा अंगावरचं पाणी पिऊन टाकायचा. ओठ फुटले, हात भेगाळले, आणि माझी मुलगी रेवा, जी तेव्हा बारा वर्षांची होती, आरशात स्वतःचे उभे राहिलेले केस पाहून तासभर हसत होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रुमाल धुतला आणि गाडीच्या बाहेरच्या आरशाला बांधून ठेवला. चहा पिऊन झाला तोवर तो वाळून कडक झाला होता. बाबांनी तो हातात घेतला, दोन बोटांनी चुरगळून पाहिला. मग आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही तर वाळवणाची हवा आहे बेटा," ते म्हणाले. "साबुदाणा आहे का गं घरात?"

आता इथे थोडं मागे जायला हवं. आमच्याकडे एप्रिल लागला की आईचं वाळवण सुरू व्हायचं. नागपूरचं ऊन इतर कशासाठी चांगलं नसलं तरी पापड्या वाळवायला त्याच्यासारखं ऊन नाही. आई पहाटे उठून साबुदाणा शिजवायची, गच्चीवर जुन्या साड्या पसरायची आणि पळीपळीनं पापड्या घालत जायची. दुसऱ्या दिवशी बटाट्याचा कीस, तिसऱ्या दिवशी कुरडया. बाबांचं काम राखणीचं. डोक्यावर ओला टॉवेल, हातात काठी, मांडीवर पेपर. कावळे त्यांना घाबरत असतील, पण खरा चोर तेच होते. अर्धवट वाळलेल्या पापड्या, कडेनं कडक आणि मध्ये अजून मऊ, त्यांना फार आवडायच्या. साडीच्या कडेची एक ओळ रोज नाहीशी व्हायची आणि आई रोज कावळ्यांना बोल लावायची, बाबांकडे बघत.

सगळं वाळलं की आई दोन डबे काढायची. अख्ख्या, गोल, पांढऱ्याशुभ्र पापड्या एका डब्यात, तो पाठवायचा. आत्याला, मामाला, शेजारी, पुढे मी हॉस्टेलवर गेल्यावर मला. तुटक्या, वाकड्या, भुगा झालेल्या दुसऱ्या डब्यात, तो घरातला. तो वर्षभर आम्ही खायचो. लहानपणी मला याचा फार राग यायचा. आपण केलेलं चांगलं ते दुसऱ्यांना द्यायचं आणि आपण तुकडे खायचे, हा कुठला न्याय? आई म्हणायची, घरच्यांना तुकडे चालतात, म्हणून तर ते घरचे. डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहायचं काम बाबांचं, कारण अक्षर त्यांचं चांगलं. पाठवायचा. घरातला.

आई एकदा मे महिन्यात शुगर लँडला आली होती, तेव्हा हौसेनं मागच्या अंगणात पापड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना बुरशी आली. ही हवा रडकी आहे, असं तिनं जाहीर केलं आणि परत कधी त्या वाटेला गेली नाही.

तर बाबांनी साबुदाणा मागितला. खिचडीसाठी आणलेलं मोठं पाकीट होतं ते मी दिलं. मग गावातल्या दुकानातून दहा किलोंचं बटाट्यांचं पोतं आणायला लावलं. शिरीष म्हणाला, बाबा, एवढे? त्यावर बाबांचं उत्तर होतं, करायचं तर वर्षाचं करावं. आई असेपर्यंत कधी ओट्याजवळ न गेलेला हा माणूस, पण त्यानं चाळीस वर्षं बाजूला बसून पाहिलं होतं. साबुदाणा काचेसारखा दिसू लागला की मीठ, मग जिरं, मिरची शेवटी. एक पळी, दोन बोटांचं अंतर, पुढची पळी. गाडीबरोबर आलेली पांढरी चादर त्यांनी टेबलावर अंथरली, वर प्लास्टिक, चार कोपऱ्यांना चार दगड.

नागपूरच्या माणसाला उन्हाचं सगळं कळतं, वाऱ्याचं नाही. अकरा वाजले आणि ती चादर दगडांसकट उठली. साबुदाण्याच्या पापड्या खडीत पडल्या त्या पडल्या, पण बटाट्याचा कीस सगळ्या कॅम्पग्राउंडवर गेला. झोपाळ्यांच्या साखळ्यांना कीस, निवडुंगाच्या काट्यांना कीस, ऑफिसच्या जाळीला कीस. खेळणारी मुलं तो गोळा करून आणून देऊ लागली. बाबा प्रत्येकाला थँक यू म्हणत ओंजळीत घेत होते. मला हसू आवरेना, आणि हसता हसता दिसलं की बाबांचा चेहरा पडलाय. एवढंसं तोंड करून ते त्या रिकाम्या टेबलापाशी उभे होते.

शेजारच्या गाडीत डोना नावाच्या एक आजी राहायच्या. नवरा गेल्यापासून हिवाळा आणि वसंत तिथेच काढायच्या. त्यांनी हे सगळं खुर्चीतून पाहिलं होतं. त्या उठल्या आणि आपल्या गाडीखालून खिडक्यांच्या जुन्या जाळ्यांच्या चौकटी काढून आणल्या. त्या चौकटींवर त्या मिरच्या वाळवायच्या. खाली एक चौकट, वर एक चौकट, मधे वाळवण, आणि भोवती रबरी दोऱ्या टेबलाला आवळून. बाबांना इंग्रजी बेताचं आणि डोनाला मराठी अर्थातच नाही, पण पुढचे चार दिवस ते दोघं वाळवणावर बोलत होते. त्यातलं कुणाला काय कळलं ते मी विचारलं नाही.

दुसरा घाणा बाबांनी रात्रभर साबुदाणा भिजवून पुन्हा पहिल्यापासून घातला. मग गाडीच्या आडोशाला खुर्ची टाकून राखणीला बसले. कानाला मफलर, हातात वाळलेल्या झुडपाची एक लांब काठी. तिथले डोमकावळे चांगले कोंबडीएवढे, ते टेबलाच्या कडेला येऊन बसायचे आणि बाबा काठी आपटायचे. रेवा त्यांच्या पायाशी. बाबा जाळीची कड उचलून अर्धवट वाळलेली पापडी तिला द्यायचे, एक स्वतः खायचे. ती म्हणायची, "आजोबा, वन मोअर, प्लीज." बाबा म्हणायचे, कावळ्यानं नेली असं सांग तुझ्या आईला. माझी आई गेल्यानंतर बाबांचा तो खोडकर आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. मी आत भांडी घासत होते आणि जाळीच्या दारातून ते ऐकत होते. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

म्हणून त्याच दिवशी विचारायचं ठरवलं. रेवा झोपाळ्यावर गेली तेव्हा मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. वारा गाडीवर आदळत होता. मी जुळवाजुळव करत होते आणि तोंडातून आलं ते हे:

"बाबा, नागपूरची आठवण येत असेल ना?"

बाबा थोडा वेळ काठीनं खडीवर रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "येते की."

बस. मी ते उत्तर धरलं. आठवण येते, म्हणजे जायचंय. मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. आज वाटतं, कुणाला येत नाही आठवण? मला इथे वीस वर्षं झाली, मला रोज येते. म्हणून काय मी बॅग भरून बसले आहे?

शेवटच्या दिवशी वाळवण खडखडीत झालं. गाडीतल्या टेबलावर बाबा निवडायला बसले. प्रेट्झेलची, म्हणजे इथल्या खारट बिस्किटांची, एक मोठी पारदर्शक बरणी रिकामी झाली होती आणि आइस्क्रीमचा एक डबा. अख्ख्या पापड्या मोजक्याच होत्या, त्या आइस्क्रीमच्या डब्यात. एक मूठ डोनाला. बाकी वाऱ्यानं, कावळ्यांनी आणि आमच्या हातांनी मोडलेले तुकडे आणि कीस, ते सगळं बरणीत, गळ्यापर्यंत. रेवाचा मार्कर घेऊन त्यांनी चिकटपट्टीवर लिहिलं. लहान डब्यावर, पाठवायचा. मोठ्या बरणीवर, घरातला. पाठवायचा डबा नागपूरला कुमुदआत्यासाठी, हे त्यांनी मला सांगितलं. बरणीबद्दल काही सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नसेल.

एप्रिलअखेर मी त्यांची बॅग भरत होते. ते पलंगाच्या कडेवर बसून पाहत होते. आइस्क्रीमचा डबा त्यांनी स्वतः आणून दिला. तो ठेवला आणि मला बरणी आठवली. स्वयंपाकघरातून आणली, त्यांच्या स्वेटरमध्ये गुंडाळली आणि कपड्यांच्या मधोमध नीट बसवली.

"ती राहू दे इथे," बाबा म्हणाले.

"अहो, इथे कोण खाणार एवढं? तुम्हाला तिथे वर्षभर होईल," मी म्हणाले. वर असंही म्हणाले की एवढी मेहनत केलीत, तुम्हीच खायला हवं. मला वाटत होतं, मी माया करते आहे.

बाबांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले. मी चेन ओढली.

ते त्याच पावसाळ्यात गेले. दुपारी जेवून पडले आणि उठले नाहीत. कुमुदआत्या, त्यांची धाकटी बहीण, पलीकडच्या गल्लीत राहते. फोन उचलत नाहीत म्हणून ती किल्ली घेऊन आली. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. लोक येत होते, जात होते, फार शांतपणे गेला हो, असं सांगत होते. सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी होते. फडताळात वरच्या फळीवर ती प्रेट्झेलची बरणी होती. चिकटपट्टी झाकणावर जशीच्या तशी. तीन महिन्यांत त्यांनी ती उघडलीही नव्हती.

मी आत्याला विचारलं, यातलं का नाही खाल्लं त्यांनी? आत्या पाटावर बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिची थट्टा करत होते.

"तुझा बाबा तर तिथेच राहणार होता ना," ती म्हणाली. "त्या वाळवंटातून फोन केला होता त्यानं मला. म्हणे, कुमुद, यंदाचं वाळवण लेकीच्या दारात घातलं, आता वर्षभर इकडेच. आणि एप्रिल संपता संपता पाहते तर इथे दारात उभा. मी म्हटलं, का रे, राहणार होतास ना? तर म्हणे, तिनं दोन्ही डबे बॅगेत भरले."

एवढंच बोलला, आत्या म्हणाली. पुन्हा विषय काढला नाही.

मी बरणी फळीवरून खाली काढली. वाळवण वर्षाचं असतं. ज्या घरात पुढचा पावसाळा काढायचा त्या घरात ते घालतात. हे मला कुणी शिकवायला हवं होतं असं नाही, मी ते जन्मभर पाहत आले होते. करायचं तर वर्षाचं करावं, असं ते माझ्यासमोर सांगून चुकले होते. तुकड्यांची बरणी त्यांनी माझ्या घरासाठी भरली होती, कारण घरचे म्हणून तुकडे खाणाऱ्यांत ते स्वतःला धरत होते. आमच्या घरात जसं विचारतात तसं त्यांनी विचारलं होतं, अगदी स्पष्ट, स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून. मी उत्तर दिलं.

ती बरणी मी परत आणली. फडताळात आहे, उघडलेली नाही. इथल्या रडक्या हवेत आतलं काही मऊ पडलं असेल, नसेल, मी पाहत नाही.

रेवा आता सोळा वर्षांची आहे. आज शाळेतून आली, ओट्यावरचा माझा फोन पाहिला आणि म्हणाली, "आई, आजोबांच्या गावात वारा आहे." ती त्या वाळवंटाला आजोबांचं गाव म्हणते. नागपूर तिच्या फारसं लक्षात नाही. तिच्या आजोबांना ती ओळखते ती कानाला मफलर बांधून काठी आपटणारे म्हणून. गेल्या वर्षी तिला मी ही सगळी हकिकत सांगितली होती. तिनं ऐकून घेतलं होतं आणि फारसं न कळून ती म्हणाली होती, "बट यू कुड हॅव जस्ट आस्क्ड हिम." आजोबांना सरळ विचारायचं होतंस, एवढंच तिचं म्हणणं. तिच्या भाषेत ते चार शब्दांचं काम आहे, आणि खरं तर माझ्याही भाषेत तेवढंच होतं. बाबा, तुम्ही इथेच राहा.

मेथी तशीच पडली होती. रेवानं फडताळ उघडलं, खायला काही शोधत होती. बरणी पुढे सरकवून तिनं मागचा बिस्किटांचा पुडा काढला, बरणी पुन्हा जागेवर ठेवली, आणि ठेवता ठेवता चिकटपट्टीवरची अक्षरं एकेक करून वाचली, तिला मराठी अजून जुळवूनच वाचावं लागतं. घ, रा, त... घरातला. "बरोबर?" तिनं विचारलं. बरोबर, मी म्हणाले. बरणी घरात आली. ज्यांनी तिच्यावर ते लिहिलं होतं, त्यांना मात्र मी स्वतः गाडी चालवत नेऊन विमानतळावर सोडून आले होते.